बडोद्याहून बीकेसीला

बडोद्याच्या मराठी घरांतून लग्नानंतर अमेरिकेला जाणाऱ्या सुनांची वाट मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून जाते. मिठी नदीकाठच्या या काचेच्या इमारतींमध्ये अमेरिकेची वकिलात आहे. कायम वास्तव्याच्या व्हिसाची मुलाखत इथे होते.

त्याआधी वकिलातीने ठरवलेल्या डॉक्टरांकडे तपासणी करून घ्यावी लागते. छातीचा एक्स-रे निघतो, रक्त तपासतात, लसींच्या नोंदी पाहतात. लहानपणीचं लसीचं कार्ड आईकडून आधीच शोधून घ्या.

खरी अडचण येते ती नावांची. माहेरी मधलं नाव वडिलांचं, सासरी नवऱ्याचं. काही घरांत तर तांदळात नवं नाव लिहून मुलीचं नावच बदलतात. मग जन्मदाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा. अर्जात पूर्वीची सगळी नावं लिहा. विवाह नोंदणीचा मूळ दाखला आणि नावबदलाचे कागद जवळ ठेवा.

वकिलातीत मोबाइल नेता येत नाही, तेव्हा लग्नाचे फोटो छापून न्या. ओळख कशी झाली, लग्न कुठे झालं, असं विचारतात. पाठांतर नको, घडलं तसं सांगा. नवरा तिकडे, बायको इकडे. एका राहिलेल्या कागदापायी हा विरह लांबायला नको.