धबधबा लावण्याआधी

दादर, मुंबई

चि. मुक्ता,

तुझं सविस्तर पत्र मिळालं. शुक्रवारी-शनिवारी तुमच्या सॅन डिएगोतल्या, हवाईच्या थाटाच्या टिकी बारमध्ये बसायला जागा नसते आणि सोमवार ते बुधवार तुम्ही दोघी मैत्रिणी रिकाम्या टेबलांकडे बघत उभ्या असता, हे वाचून काळजी वाटली. भांडवल घालायला तयार असलेले गृहस्थ म्हणतात की कोपऱ्यात नकली धबधबा करा, भिंतीभर लाकडी मुखवटे लावा, मग दुसरी शाखाही काढू. मामाने जन्मभर हॉटेलांचे हिशेब तपासले, म्हणून तू माझं मत विचारलंस. मत देतोच. पण आधी या प्रकारच्या बारचा जन्म कसा झाला ते तुला नीट ठाऊक हवं. बारमध्ये धबधबा आणि मुखवटे लावायची रीत मुळात हवाईहून आलेलीच नाही, ती हॉलिवूडहून आली.

अमेरिकेतली दारूबंदी 5 डिसेंबर 1933 रोजी उठली. त्याच सुमारास हॉलिवूडच्या मॅकॅडन प्लेस या रस्त्यावर अर्नेस्ट रेमंड ब्यूमाँट गँट नावाच्या विशीतल्या तरुणाने एक चिमुकला बार काढला. पंचवीस-तीस माणसं कशीबशी मावतील एवढीच जागा. सजावटीला मासेमारीची जाळी, बांबू, किनाऱ्यावरून उचलून आणलेलं सामान. नाव ठेवलं ‘डॉन द बीचकोमर’, आणि पुढे त्याने स्वतःचं नावही बदलून डॉन बीच करून घेतलं. बंदीमुळे मुरलेली व्हिस्की मिळेनाशी झाली होती, कॅरिबियन बेटांवरची रम मात्र स्वस्त आणि मुबलक होती. म्हणून रम. जेवण कँटनी चिनी धाटणीचं. म्हणजे बघ, रम कॅरिबियन, स्वयंपाक चिनी, सजावट सिनेमाच्या सेटसारखी आणि पत्ता कॅलिफोर्नियाचा. हवाई त्यात होती ती स्वप्नापुरती.

तरीही तो बार चालला, आणि नुसत्या स्वप्नावर चालला नाही. डॉनने एकाच पेल्यात दोन-तीन जातींच्या रम एकत्र करायला सुरुवात केली. हे तेव्हा नवीन होतं. जमैकाची उग्र रम, प्वेर्तो रिकोची हलकी रम, वर ताज्या लिंबाचा रस आणि मसाल्याचा पाक. ‘डॉन्स मिक्स’ म्हणून त्याचं जे मिश्रण प्रसिद्ध आहे ते आज सगळ्यांना माहीत आहे: दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस, एक भाग दालचिनीचा पाक. पण त्या काळी अशा मिश्रणांच्या बाटल्यांवर फक्त आकडे आणि सांकेतिक नावं असत. ओतणाऱ्यालाही आत काय आहे ते कळत नसे, त्यामुळे माणूस दुसरीकडे नोकरीला गेला तरी कृती घेऊन जाऊ शकत नसे. 1934 चं त्याचं ‘झोंबी’ इतकं कडक होतं की एका गिऱ्हाइकाला दोनच मिळत. त्याची मूळ कृती जेफ बेरी या अभ्यासकाने एका जुन्या वेटरच्या वहीवरून सोडवली आणि 2007 मध्ये पुस्तकात छापली.

या सांकेतिक बाटल्यांचा दुसरा उपयोग मला हिशेबनीस म्हणून जास्त मोलाचा वाटतो. सात-आठ जिन्नसांचं पेय ऐन गर्दीत एकेक बाटली उघडून करायचं म्हटलं तर गिऱ्हाईक ताटकळतं आणि माप हुकतं. आधी मिसळून ठेवलं की हात भरभर चालतो आणि चव रोज तीच येते. तुमच्याकडे माप नजरेने ओततात असं तू लिहिलंस. आकडेमोड करून पाहा. 750 मिलीच्या बाटलीतून 60 मिलीने साडेबारा पेग निघतात. हात सैल सुटून 75 मिली पडलं की दहाच. तुला वाटतं धंदा सोमवारी बुडतो आहे. मला वाटतं तो शनिवारीही झिरपतो आहे. विकलेल्या पेयातल्या मालाची किंमत विक्रीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहावी, असा या धंद्यातला साधारण ठोकताळा आहे. तुझ्या कागदांवरून ती बरीच वर दिसते. उद्यापासून पेग मेजर वापरा, आणि लिंबाचा रस रोजचा रोज काढा, कारण तो दुसऱ्या दिवशी मरगळतो.

आता ज्या बाईची गोष्ट मला तुला खास सांगायची आहे ती. कोरा आयरीन संड, सगळे तिला सनी म्हणत. तिने डॉनशी लग्न केलं आणि धंद्याची सूत्रं हातात घेतली. डॉन कल्पक होता, पण त्याला पैशाचं भान नव्हतं. जागा घेणं, माणसं नेमणं, वही मिळवणं हे सनीने केलं. 1940 मध्ये शिकागोची शाखा तिने उभी केली, त्याच वर्षी दोघांचा घटस्फोट झाला, आणि पुढे तिच्या हाताखाली ही साखळी वाढत वाढत सोळा ठिकाणी गेली. मुख्य भूमीवर स्वतःचंच नाव वापरायचा हक्क डॉनकडे उरला नाही, म्हणून महायुद्धानंतर तो वाइकीकीला गेला आणि तिथे त्याने नवा बार काढला. हवाई तेव्हा अमेरिकेचं राज्य नव्हतं, ते 1959 मध्ये झालं. पुस्तकांत डॉनचे फोटो असतात. सनीचं नाव मला फार शोधून वाचावं लागलं, याचं वाईट वाटतं. तुमच्या दोघींत पेयं मैत्रीण करते आणि वही तू सांभाळतेस. तुझं काम दुय्यम आहे असं तू पत्रात दोनदा लिहिलं आहेस. ते मनातून काढून टाक.

आणि डॉनच्या बारमधली पेयं करणारे हात बरेचसे फिलिपिनो माणसांचे होते. त्यांतले एक रे बुहेन. सुरुवातीच्या काळात ते डॉनकडे होते, नंतर अनेक बारमध्ये राबले आणि 1961 मध्ये लॉस एंजलिसच्या सनसेट बुलेवार्डवर त्यांनी स्वतःचा ‘टिकी-टी’ काढला. काउंटरला डझनभर स्टुलं आणि थोडी टेबलं, बस्स. सोळा शाखांची ती साखळी विरून गेली. टिकी-टी बुहेन कुटुंबाने पिढ्यान्पिढ्या चालवला. सॅन डिएगोहून गाडीने दोन-अडीच तास. दोघी मिळून एकदा जा आणि काउंटरमागचे हात नीट बघा.

ऑकलंडच्या व्हिक्टर बर्जेरॉनने डॉनचा बार पाहिला आणि आपल्या साध्या खानावळीचं ‘ट्रेडर व्हिक्स’ केलं. त्याने 1944 मध्ये केलेल्या ‘माय ताय’मध्ये जुनी रम, लिंबू, संत्र्याचं लिक्युअर आणि बदामाचा पाक होता, अननस नव्हता. 1953 मध्ये ते पेय हवाईतल्या हॉटेलांत पोचलं आणि अननस तिथे शिरला. निळं ‘ब्लू हवाई’ मात्र अस्सल तिथलं: 1957 मध्ये वाइकीकीच्या हॉटेलातल्या हॅरी यी यांनी ते केलं.

मग खरी हवाई कुठे आहे? तुमच्या स्वयंपाकघरात. तुझ्या मैत्रिणीची आई हवाईतल्या हिलोची आहे, ती लाऊलाऊ करते, असं तू ओझरतं लिहून पुढे गेलीस. मी तिथेच थांबलो. मांस आणि मासा अळूच्या पानांत गुंडाळून तासन् तास वाफवायचा! अळू नीट शिजलं नाही तर घसा खाजतो, हे तिथल्या आजीलाही ठाऊक आणि फतफद्यात चिंच घालणाऱ्या तुझ्या आजीलाही. तिथे तर अळूला वडीलधाऱ्याचं स्थान आहे. मृत जन्मलेलं पहिलं मूल पुरलं, तिथून अळू उगवलं, आणि नंतर जन्मलेला भाऊ म्हणजे माणसांचा पूर्वज, अशी त्यांची कथा आहे. अळकुडी कुटून केलेलं पोई त्यांच्या घरात याच आदराने वाढलं जातं.

म्हणूनच मुखवट्यांना माझा विरोध आहे. ते कोरीव चेहरे पॉलिनेशियातल्या देवांचे आणि पूर्वजांचे आहेत. आपल्या देवघरातला खंडोबाचा टाक कोणी दारूच्या पेल्यावर उमटवला तर तुझ्या आईला काय वाटेल? शिवाय हवाईच्या लोकांनी बरंच गमावलं आहे. 1881 मध्ये त्यांचा राजा कालाकौआ जगप्रवासात मुंबईलाही येऊन गेला होता. पुढे त्याची बहीण लिलिउओकालानी राणी झाली आणि 17 जानेवारी 1893 रोजी गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी, अमेरिकी नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, तिला पदच्युत केलं. अमेरिकी काँग्रेसने त्याबद्दल माफी मागितली ती थेट 1993 मध्ये. 2018 मध्ये तर शिकागोच्या एका साखळीने इतर उपाहारगृहांना, त्यांत खुद्द हवाईयन मालकही होते, ‘अलोहा’ हा शब्द वापरू नका म्हणून नोटिसा धाडल्या. अशा रांगेत तुम्ही उभं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि यातच तुझ्या सोमवारचं उत्तर आहे. 2020 च्या जनगणनेत मूळ हवाईयनांपैकी निम्म्याहून अधिक लोक हवाईबाहेर राहत असल्याचं दिसलं, आणि कॅलिफोर्निया त्यात पुढे आहे. सॅन डिएगोत तर हवाईत नोकरी करून आलेली नौदलाची कुटुंबंही आहेत. ही माणसं शनिवारी छत्रीचा पेला घ्यायला येणार नाहीत, पण मंगळवारी संध्याकाळी घरचं जेवण मिळालं तर मुलाबाळांसकट येतील. दोन मुदी भात, मॅकरोनीचं सॅलड आणि एक मांसाचा पदार्थ असं तिथलं ‘प्लेट लंच’ उसाच्या मळ्यांवर राबलेल्या जपानी, चिनी, फिलिपिनो, पोर्तुगीज मजुरांच्या डब्यांतून घडलं. ते तीन दिवस ठेवा, बांधूनही द्या. लाऊलाऊ फक्त बुधवारी, आणि संपलं की संपलं. पेयांची यादी निम्मी करा. प्रत्येकापुढे ते कुठलं, कोणाचं, एवढं एका ओळीत लिहा. मैत्रिणीच्या आईला पदार्थांबद्दल मोबदला द्या आणि यादीवर तिचं नाव घाला, तिची संमती असेल तर.

दुसऱ्या शाखेची घाई नको. हवाईतल्या एल अँड एल या प्लेट लंचच्या दुकानाचे पुढचे कर्ते 1976 मध्ये त्यात आले आणि कॅलिफोर्नियात पाय ठेवला तो 1999 मध्ये. तुमचे मधले तीन दिवस आपला खर्च आपण काढू लागले, तुम्ही दोघी गैरहजर असतानाही पेला तसाच उतरू लागला, की मग जागा बघू. त्या गृहस्थांना सांग की धबधब्याचे पैसे वाफवण्याच्या मोठ्या भांड्यांना आणि एका जास्तीच्या स्वयंपाक्याला लागतील. नाही म्हणाले तर सध्या त्यांचे पैसे घेऊ नका.

दर रविवारी रात्री बाटल्यांची शिल्लक मोजून तो तक्ता मला पाठव, मी सोमवारी सकाळी तपासून देईन. आणि मैत्रिणीच्या आईला विचार, लाऊलाऊला अळूची पानं देठासकट घेतात की देठ सोलून. तुझ्या मामीला करून बघायचं आहे.

तुझा,
मामा