पडद्यावरचा पँथर

२०१८ साली 'ब्लॅक पँथर' बघून थेटराबाहेर आलो. दोस्त खूश. म्हणला, "काळा माणूस राजा झाला गड्या, अजून काय पायजे?"

मी म्हणलो, राजाच कशाला पायजे?

ओकलंडात १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी जन्मली. तिच्यावरून १९७२ साली मुंबईत आपली दलित पँथर उठली. सिनेमात त्याच ओकलंडचा पोरका किलमाँगर जगभरच्या काळ्यांना हत्यारं द्यायला निघतो, तर तो खलनायक! ती विमानं पाडतो कोण? सीआयएचा माणूस. संताप मारायचा, सिंहासन राखायचं, मग वस्तीत मदतकेंद्र काढायचं. हेच त्याचं राजकारण.

दोस्त गप्प. मग हळूच, "पण मरताना तोच आपला वाटला."

मलाही. पण हत्यारं घेऊन गादीवर तोही बसलाच की! राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी १९४९ सालीच संविधान सभेत बजावलं. पडद्यावरच्या पँथरलाही ते लागू आहे.