भोंगा आणि पंचनामा

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत मुंबई, उरण, तारापूर यांच्या जोडीला रोहा-धाटाव-नागोठणे हेही नाव होतं. त्याच दिवशी मध्यरात्रीनंतर पाकिस्तानविरुद्धचं ‘ऑपरेशन सिंदूर’ झालं होतं. सीमेपासून इतक्या दूरच्या कुंडलिका नदीकाठचं नाव यादीत येण्याचं कारण उघड आहे : इथले रासायनिक कारखाने. पण या पट्ट्याला भोंगा नवा नाही. वायुगळती झाली की आधी वारा कुठून आहे ते बघायचं, नाकाला ओला रुमाल लावायचा आणि वाऱ्याला आडवं चालत सुटायचं, हे कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. युद्धाचा भोंगा आणि गळतीचा भोंगा ऐकणारे कान एकच आहेत. मग युद्धाबद्दल बोलताना या कानांना आपलं जुनं ज्ञान का आठवू नये?

पेण-रोह्याच्या परिसराने सामुदायिक दुःख पुष्कळ पाहिलं आहे. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या महापुराने जांभूळपाडा आणि नागोठणे उद्ध्वस्त केलं. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नागोठण्याच्या आयपीसीएल प्रकल्पात वायूचा स्फोट होऊन तीसहून अधिक माणसं गेली. ४ मे २०१४ रोजी नागोठणे आणि रोह्याच्या दरम्यान, निडीजवळ, दिवा-सावंतवाडी पॅसेंजर घसरली, तेव्हा आधी धावले ते आसपासच्या गावांतले लोक. अशा घटनांतून माणूस आपोआप दयाळू होतो, असं मी म्हणणार नाही. पण त्याला तपशील कळतो. मृतदेहाची ओळख पटवायला कोणी जायचं, चिखलात भिजलेलं रेशनकार्ड वाळवून पुन्हा चालेल का, कमावता गेल्यावर भरपाईचा अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे त्याला ठाऊक असतं. माझ्या मते सहानुभूती भावनेच्या उमाळ्यापेक्षा या माहितीवर जास्त उभी असते. तपशील माहीत असलेला माणूस दुसऱ्याच्या दुःखाला फुकाचे शब्द देत नाही. जिथे तपशील पोचत नाही, तिथे घोषणा पोचतात.

यावर कोणी म्हणेल, पूर आणि युद्ध यांची तुलनाच चुकीची. पुराला शत्रू नसतो. हा आक्षेप खरा आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना गोळ्या घालून मारलं, त्यात याच रायगड जिल्ह्यातल्या पनवेलचा एक रहिवासी होता. तो संताप न्याय्य होता. शिवाय रायगडला शत्रूची ओळख किनाऱ्यावरच झाली आहे : १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरवलं गेलं. म्हणून सावध राहणं गरजेचंच आहे. पण सावध राहणं वेगळं आणि युद्धाचा चस्का लागणं वेगळं. मे महिन्यातल्या संघर्षाच्या त्या चार दिवसांत टीव्हीवर युद्ध क्रिकेटच्या सामन्यासारखं चाललं होतं. त्याच वेळी पूंछमध्ये तोफगोळ्यांखाली आपलेच नागरिक मरत होते. त्यांची घरं, त्यांची कागदपत्रं, त्यांच्या मुलांच्या शाळा यांचा हिशेब स्टुडिओत कोणी मांडला? नागोठण्याचा पूर ज्याने पाहिला आहे, त्याला तो हिशेब विचारायचा जास्त अधिकार आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. सामायिक दुःख माणसांना जोडतं तसंच कुंपणही घालतं. आपलं दुःख मोठं, बाकीच्यांचं कानामागे. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, बहुतेक कोकणातली. महिन्याभरात देश स्वतंत्र झाला, फाळणीचा वणवा पेटला आणि हा शोक किनाऱ्यावरच राहिला. राष्ट्राच्या मोठ्या कथेत जे दुःख बसत नाही, त्याला फारसे वाटेकरी मिळत नाहीत. पण याच उदाहरणातून उत्तरही निघतं. आपला शोक देशाने ऐकला नाही, याची सल ज्या किनाऱ्याला आहे, त्याला दुसऱ्याचा न ऐकलेला शोक लवकर ओळखता यावा. येईलच याची हमी नाही. ती सवय शाळेतून, वर्तमानपत्रातून, घरातल्या बोलण्यातून लावावी लागते.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि तुरुंगवास पत्करला. तिकडे हिटलर युरोप गिळत असताना हा विरोध अनेकांना पटला नाही. आजही प्रत्येकाला पटावा असा आग्रह नाही. कधी कधी लढावंच लागतं. पण ऐन युद्धात युद्धाबद्दल प्रश्न विचारणं हे नागरिकाचं काम आहे, एवढं त्यातून शिल्लक राहतं. आणि प्रश्न कुठले विचारायचे, हे या परिसराला शिकवायला नको. धाटावच्या एखाद्या टाकीवर काही पडलं तर वारा कोणत्या गावाकडे असेल? रोह्याच्या सरकारी दवाखान्यात भाजलेल्यांसाठी खाटा किती? हेच प्रश्न सीमेपलीकडच्या गावांनाही लागू आहेत, हे मान्य करायला देशप्रेम आड येत नाही. युद्धाची बाजू घ्यायची तर खुशाल घ्यावी, पण घोषणा द्यायच्या आधी पंचनामा वाचून घ्यावा.