शत्रूची पलटण

शत्रूच्या सैन्याचा इतिहास वाचून काय हशील, असे भूगावातील तरुण आम्हांस विचारितात. रावणाचे बळ न सांगता रामायण कसे सांगावे? जर्मनांची ३६२ वी पायदळ डिव्हिजन १९४३ च्या अखेरीस इटलीत उभारली गेली, १९४४ त अँझिओस लढली, आणि १९४५ च्या एप्रिलात सेनिओ नदीच्या बांधांवर आठव्या हिंदी डिव्हिजनसमोर मोडली. तींत आपली मराठा पलटण होती. ९ एप्रिल रोजी नगर जिल्ह्यातील निमजचा शिपाई नामदेव जाधव याने दोन जखमी सोबती एकामागून एक उचलून, खोल पाण्यातून व सुरुंगांतून सुखरूप आणिले. (व्हिक्टोरिया क्रॉस एवढ्यावरही शोभला असता!) मग परतून, हात जखमी असता, एकट्याने मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडिले, बांधावर चढून शिवछत्रपतींचा जयघोष केला आणि उरलेल्या कंपन्यांस खुणावून पार बोलाविले.