नकाशावरील रेघ

शहापूर आणि मुरबाड यांच्यामध्ये नकाशावर पट्टी टेकविली, तर अंतर सुमारे २२ किलोमीटर भरते. मुंबईकडे उतरणाऱ्या विमानाला ही मजल चारएक मिनिटांची. अंतर घड्याळाने मोजण्याची सवय आपणांस आगगाडीने लावली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीचे टपाल अहमदाबादमार्गे जुहूस उतरविले, तेव्हापासून ती अधिकच जडली.

परंतु विमानाच्या वाटेत भातसा आणि काळू येत नाहीत. माझे आजोळ मुरबाडचे. १९८४च्या श्रावणात आजी अत्यवस्थ असल्याचा निरोप शहापुरास आला, आणि काळूच्या पुलावरून पाणी वाहत होते. वडील, आई व मी आसनगावला गाडीत बसलो, कल्याणास उतरलो, आणि तेथे एस. टी.ची वाट पाहत तिष्ठत राहिलो. त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीहून मोठ्या असतात, हे वाक्य तेव्हा मला शाळेत पाठ होते. किती मोठ्या, ते भूमिती सांगत नाही!

मुरबाडास पोहोचलो, तो अंगणात बांबू येऊन पडले होते. आईने ओटीवर टेकत मामाला विचारले, “किती वाजता रे?”

“तीनच्या सुमारास, अक्का.”

आई वडिलांकडे वळून हळूच म्हणाली, “म्हणजे आपण कल्याणला उभे होतो.”