सूचनेची वही

गणिताचा तास रंगात आलेला असो की इतिहासाचा पेंगत चाललेला, दारात शिपाईमामा उभे राहिले आणि त्यांच्या काखेत ती लांबडी वही दिसली की सगळ्या वर्गाच्या माना एकदम वळतात. पुठ्ठ्याचं कव्हर, लाल कापडाची पाठ, कडेला दोऱ्यानं बांधलेला पेन. मागच्या बाकावरून हमखास दबका आवाज येतो, "सुट्टी हाय का वो मामा?" मामा ताकास तूर लागू देत नाहीत. मजकूर त्यांना ठाऊक असतो, कारण मुख्याध्यापक लिहीत असतानाच त्यांनी टेबलापलीकडून तो उलटा वाचलेला असतो. पण गुरुजींनी वाचण्याआधी बातमी फोडायची नाही, हा त्यांचा स्वतःचा कायदा.

ही सूचनेची वही परभणी जिल्ह्यातल्या एका बाईंच्या आयुष्यात पाचवीपासून आहे. आता त्या निवृत्तीला टेकल्या तरी ती सुटलेली नाही. जिंतूर तालुक्यातल्या एका मोठ्या गावात, बहात्तरच्या दुष्काळात त्यांचा जन्म. दाखल्यावर मात्र तारीख १ जून, कारण नाव घालताना आईला तिथी आठवली आणि तारीख गुरुजींनी घातली. मराठवाड्यात त्या वयाची अर्धी माणसं १ जूनलाच जन्मली असावीत आणि म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी शाळाशाळांतून निरोपसमारंभांची झुंबड उडते.

पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकाला जिल्हा परिषदेची शाळा म्हटलं की चौथी-सातवीपर्यंतची शाळा आठवते. मराठवाड्यात दहावीपर्यंतच्या प्रशालाही जिल्हा परिषदेच्याच असतात. निजामाच्या राज्यात हायस्कुलं बहुतेक सरकारी, शिकवण्याची भाषा उर्दू आणि खासगी मराठी शाळा काढणाऱ्यावर सरकारचा डोळा. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, मराठवाडा १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला, १९६२ च्या महाराष्ट्र दिनी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि सरकारी हायस्कुलं त्यांच्या पदरात पडली. त्यामुळे खेड्यातल्या पोरीला गाव न सोडता दहावी होता येई. बाई त्यातल्याच एक.

त्यांच्या शाळकरी दिवसांतली सूचना ठरावीक ठशाची. 'वर्ग पाचवी ते दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की' इथून सुरुवात, 'याची सर्वांनी नोंद घ्यावी' इथं शेवट, खाली मु. अ. म्हणून सही आणि समासात एकेका वर्गाच्या गुरुजींची सही. मध्ये काय असेल त्याचा नेम नसे. परवा घटक चाचणी. शनिवारी सकाळच्या शाळेत कवायत, पांढरे बूट सक्तीचे. शुक्रवारी श्रमदान: मुलांनी खुरपी आणि टोपली आणावीत, मुलींनी शेण. पत्र्याच्या दोन खोल्यांना मातीची जमीन होती, ती सारवायची असे. शेण मुलींनीच का, हे विचारायचं तेव्हा कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. पुढे बाई स्वतः सूचना लिहू लागल्या तेव्हा 'मुलांनी' आणि 'मुलींनी' हे दोन शब्द त्यांनी श्रमदानाच्या सूचनेतून कायमचे काढून टाकले. तोवर शाळेत शहाबादी फरशीही आली होती म्हणा.

वर्षातली सगळ्यात मोठी सूचना सप्टेंबरातली. उरलेल्या महाराष्ट्रात १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे रोजी झेंडावंदन झालं की काम भागतं. मराठवाड्यात १७ सप्टेंबरही असतो, मुक्तिसंग्राम दिन. भारत स्वतंत्र झाल्यावर तेरा महिन्यांनी, पोलीस कारवाईच्या पाचव्या दिवशी निजामाचं राज्य संपलं, त्याचा दिवस. इकडची बरीच पोरं स्वातंत्र्याचे दोन वाढदिवस आहेत असंच धरून चालतात आणि त्यांचं फारसं चुकतही नाही. त्याच दिवशी परभणीच्या कृषी विद्यापीठात रबी मेळावा भरतो. बापाला बियाण्यासाठी परभणी गाठायची असते, पोराला झेंड्यापाशी थांबायचं असतं आणि सूचनेत 'पालकांसह उपस्थित राहावे' असं छापील वाक्य असतं.

वहीशिवाय आणखी एक बातमीपत्र होतं: परिपाठ. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि मग 'आजच्या ठळक बातम्या'. वर्तमानपत्र गावात दुपारच्या एसटीनं येई, बहुतेक दैनिक 'मराठवाडा', अनंत भालेरावांचा. म्हणजे सकाळच्या परिपाठातल्या आजच्या बातम्या आदल्या दिवशीच्या असत. उरलेल्या रेडिओवरून टिपलेल्या. परभणी आकाशवाणी लावून, कान देऊन, वहीच्या मागच्या पानावर अर्धवट वाक्यं खरडायची आणि सकाळी ती पुरी करून वाचायची. नावं चुकत. परदेशातल्या पंतप्रधानांचं तर गावात रोज नवं बारसं होई.

मराठीच्या एका गुरुजींनी मात्र एक अट घातली होती: शेवटची बातमी गावातली हवी. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, पुराच्या पाण्यामुळे कोणती गाडी आली नाही, कोणाची म्हैस हरवली. दिल्ली-मुंबई चालू असताना पोरं चुळबूळ करत, म्हशीच्या बातमीला चिडीचूप होत. एकदा तर हरवलेली म्हैस परिपाठातूनच सापडली. रांगेतला एक पोरगा ओरडला, "ती आमच्या आखाड्यावर बांधली हाय!" त्या दिवशी सुविचार कोणता होता ते आज कुणाला आठवत नाही.

परभणीत बी. एड. करताना वहीची जागा कॉलेजच्या काळ्या फळ्यानं घेतली. १९९५ ला शहरात ६८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष नारायण सुर्वे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांची छाती त्या वर्षी आणखी दोन इंच फुगलेली होती. पोटासाठी हरतऱ्हेची कामं केलेला, शाळेत शिपाई राहिलेला आणि पुढे मास्तर झालेला माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला परभणीनं पाहिला. शिक्षक व्हायला निघालेल्या पोरापोरींना याहून मोठी गोष्ट दुसरी काय हवी होती?

नोकरी लागली आणि वहीची दुसरी बाजू दिसली. शिपाईमामा आता त्यांच्या दारात उभे राहू लागले. आधी वाचायचं, मग सही करायची, ही पद्धत. तास अर्धा राहिलेला असला की आधी सही, मग वाचन. तालुक्याचं टपाल आठवड्यातून एखाद-दोनदा येई. पाकिटातून निघालेलं परिपत्रक मुख्याध्यापक चष्मा वर-खाली करत वाचत आणि पाच परिच्छेदांचं दोन ओळींत करून वहीत उतरवत. हे दोन ओळींत करणं ही मोठी विद्या होती. शासनाची मराठी पोरांच्या मराठीत आणायची, तीही त्यातलं काम न गाळता.

ही विद्या आता कुणाला लागत नाही. परिपत्रक मोबाइलवर येतं ते रात्री साडेनऊला, उद्या सकाळच्या कार्यक्रमाचं, आणि जसंच्या तसं पुढे ढकललं जातं. दिवसांची यादीही वाढत गेली. एकटा नोव्हेंबर घ्या. ७ तारखेला विद्यार्थी दिवस, कारण १९०० साली त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. ११ ला शिक्षण दिन, १४ ला बालदिन, २६ ला संविधान दिन. यातला एकही दिवस फालतू नाही. विद्यार्थी दिवशी सहावीतल्या एखाद्या पोराला शाळेत नाव दाखल होणं म्हणजे काय ते कळलं तर वर्षाचं सार्थक झालं. पण ते कळायला अर्धा तास लागतो आणि अर्धा तास फोटो काढण्यात जातो. बॅनरसह फोटो, मान्यवरांसह फोटो, मग लिंक भरायची, उपस्थितीचा आकडा टाकायचा, संध्याकाळी पाचच्या आत. पूर्वी सूचना वरून खाली वर्गात येई आणि तिथं संपे. आता ती वर्गातून पुन्हा वर जाते आणि वर पोचल्याशिवाय कार्यक्रम झाला असं धरलं जात नाही. काही ठिकाणी तर ती वर पोचली की झालं. खाली काय उरलं ते बघायला कोणी येत नाही.

आणि याच नोव्हेंबरात वर्ग अर्धे रिकामे असतात. मानवत-सेलूकडे कापूस फुटलेला असतो. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणजे जितके हात तितके पैसे, आणि आठवीतल्या मुलीचा हात आईच्या हातापेक्षा झपझप चालतो. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडची बिऱ्हाडं दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात तर कोणी कर्नाटकात, ती परत येतात उन्हाळा लागल्यावर. सरकारच्या दिनविशेषांच्या यादीत हे दिवस नाहीत. बाईंच्या वहीत आहेत. दसऱ्याच्या सुमाराला दरवर्षी एक सूचना निघते: ज्यांचे पालक कारखान्यावर जाणार आहेत त्यांनी वर्गशिक्षकांना भेटावे. आईबाप गेल्यावर लेकरं मागं राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिच्यासाठी नावं लागतात. सूचना वाचली की वर्गात एकही हात वर होत नाही. नावं कळतात मधल्या सुट्टीत, खिचडीच्या रांगेत. ताट पुढे करता करता एखादा हळूच म्हणतो, "मपली आजी हाय घरी, मी ऱ्हातो." तेवढ्या एका वाक्यावर त्या पोराचं वर्ष वाचतं. म्हणून त्या रांगेत बाई स्वतः उभ्या राहतात.

यादीत नसलेला आणखी एक दिवस त्यांनी वहीत घुसवला आहे, ७ सप्टेंबर. कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ १९५३ साली त्या दिवशी परभणीत गेले, तेव्हा ते अवघे चाळीस वर्षांचे होते. सातोन्यात जन्मलेला, सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करत लिहिणारा हा माणूस. त्या दिवशी कार्यक्रम नसतो, हार नसतो. नववी-दहावीच्या पोरांनी ग्रंथालयातलं एक पुस्तक उघडायचं, एवढीच सूचना. याचा फोटो वर मागत नाहीत, म्हणूनच तो तासभर निवांत जातो.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा वही कपाटात गेली आणि ग्रुप सुरू झाला. ग्रुपवर वर्गातली निम्मी पोरंही नव्हती. घरात फोन एकच आणि तो बापाच्या खिशात, शेतावर. मग बाईंनी सूचना कागदावर लिहून पिठाच्या गिरणीत चिकटवली. गिरणीत सगळ्या घरांना यावंच लागतं. कोणाचा स्वाध्याय राहिला, तांदूळ कधी वाटणार, पुस्तकं कुठून न्यायची, हे दळण होईस्तोवर बायका वाचत किंवा वाचून घेत. खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या, ती तारीखही आधी गिरणीतच लागली. इतकी वर्षं शाळेची सूचना आयांपर्यंत लेकरांच्या तोंडून जात होती, तीही "बाईंनी कायतरी आणायला सांगितलंय" इतपतच. आता पहिल्यांदा ती सरळ पोचली.

दोन वर्षांनी, २०२३ च्या अखेरीस, मराठवाड्यातल्या शाळांच्या जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. मराठा आरक्षणासाठी निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू होता आणि प्रवेश-निर्गमच्या रजिस्टरांना कधी नव्हे तो भाव आला होता. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागत होती. बाईंच्या शाळेतही पेटी निघाली, रजिस्टरं निघाली, पानं वाळवून एकेक तपासली गेली. सूचनेच्या जुन्या वह्या त्यात नव्हत्या. प्रवेश-निर्गम कायमचं जपायचं दप्तर; सूचनावही भरली की काही वर्षांनी रद्दीत जाते. पोराची जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण हे सगळं राहिलं. त्या पोरानं त्या आठवड्यात काय काय केलं ते किलोच्या भावानं गेलं.

बाईंची भाची न्यू जर्सीतल्या सरकारी हायस्कूलमध्ये आहे. तिथून दर शनिवार-रविवारी आईबापांना शाळेचं पत्र येतं, या आठवड्यात काय झालं आणि पुढच्यात काय आहे. भावानं ते सहज पाठवलं. सामने, वाद्यवृंद, रक्तदान. वाचून बाईंना नवल वाटलं ते एवढंच, की त्यात कुठलाही कार्यक्रम वरून आलेला दिसत नव्हता.

गेल्या वर्षापासून शाळेच्या फाटकाशी एक फळा उभा आहे. शनिवारी, २०२४ पासून दप्तराविना भरणारा 'आनंददायी शनिवार' उरकला की नववीची पोरं त्यावर दोन रकाने भरतात: झालेलं आणि होणारं. एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव, एलिमेंट्री चित्रकला परीक्षेसाठी रंगपेटी, विज्ञान प्रदर्शनाला निवडलेली ठिबकची प्रतिकृती, सातवीची दाखल्यासाठी राहिलेली कागदपत्रं. शुद्धलेखन बाई तपासतात, बाकी मजकूर पोरांचा. शेवटची ओळ गावातली, ही अट त्यांनी जुन्या गुरुजींकडून उचलली आहे.

त्या ओळीवरून आता गावात भांडणं होतात. राशन आलं का ते लिहा, जनावरांचं लसीकरण लिहा, अमक्याच्या किराणा दुकानाचं उद्‌घाटन लिहा. उद्‌घाटनाला बाई ठाम नकार देतात. लसीकरण लिहितात. राशनचं लिहिलं आणि ते आलं नाही, तर शिव्या शाळेला बसतात, म्हणून ते नाही. मानव विकासच्या निळ्या बसची वेळ मात्र दर आठवड्याला असते, कारण शेजारच्या वस्त्यांवरच्या मुली त्याच गाडीनं येतात आणि वेळ बदलली की पहिला तास बुडतो. ती वेळ डेपोत फोन करून विचारण्याचं काम नववीतल्या एका पोरीकडे आहे. डेपोतले साहेब पहिल्यांदा म्हणाले, "कोण बोलतंय?" तिनं सांगितलं, "प्रशालेतून बोलतेय, फळ्यावर लिहायचंय, नीट सांगा."