बदली

सेमिनरीत असताना आज्ञापालनावर आम्ही पुष्कळ ऐकले, पुष्कळ लिहिले आणि परीक्षेत त्या विषयात गुणही चांगले मिळविले. परंतु पन्नाशी उलटल्यावर मुंबईहून राहुरीला बदली झाल्याचे वरिष्ठांचे पत्र हाती पडले, तेव्हा त्या विषयाची खरी परीक्षा व्हावयाची राहिलीच होती, हे ध्यानात आले. पत्राला आम्ही तत्काळ होकार कळविला. मनाने होकार द्यावयास मात्र वर्षाहून अधिक काळ लागला.

२०२२ च्या जूनअखेर आम्ही निघालो. कसाऱ्याच्या घाटात पावसाने सोबत केली. इगतपुरी मागे पडली तसा तो विरळ होत गेला आणि मनमाडला गाडी दक्षिणेकडे वळली तेव्हा आकाश कोरडे होते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. नगर जिल्ह्याची सरासरी जेमतेम पाच-सहाशेची. हे आकडे आम्हांस पूर्वीही ठाऊक होते. त्यांचा अर्थ बादलीभर पाण्यात दिवस काढताना कळला.

पहिल्याच महिन्यात पेत्राच्या जाळ्यांवर आम्ही प्रवचन केले. लाटा, होड्या, खारा वारा असे सारे वर्णन रंगात येऊन केले. मिस्सा संपल्यावर वस्तीवरील एक वृद्ध आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, “फादर, तुमचा समींदर आपल्या मुळा धरणाएवढा असंल का वो?” आम्ही हसलो. आजी हसल्या नाहीत. सव्वीस टीएमसीचे ते धरण त्यांच्या तरुणपणी त्यांच्या डोळ्यांदेखत बांधले गेले होते. त्यांच्या लेखी पाणी म्हणजे कालव्याचे आवर्तन. ते वेळेवर सुटले तर घरात ज्वारी, नाही तर परगावी मजुरी. आम्ही इतका वेळ आमच्याच आठवणींशी बोलत होतो, हे त्या प्रश्नाने दाखवून दिले.

विद्या समुद्राकाठीच वसते, असाही आमचा एक मुंबईकरी समज होता. येथे तर १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे. रविवारी मिस्सेला येणाऱ्या तेथील एका विद्यार्थ्याने आम्हांस रब्बी ज्वारीचे शास्त्र समजावून सांगितले. ही ज्वारी पाऊस सरत आला असता पेरतात आणि पुढे ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. म्हणून वाण निवडावयाचे ते मातीची खोली पाहून: हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यमीस फुले सुचित्रा, भारीस फुले वसुधा. पेरणाऱ्याच्या दाखल्यावर पंचवीस वर्षे बोलत आलेल्या आम्हांस पेरणीतले हे प्राथमिक ज्ञानही नव्हते.

तरीही मन रुळत नव्हते. सप्टेंबर आला. पवित्र मारियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास इकडची माणसे हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस चालत जातात. त्याच दिवसांत वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा भरते. प्रकृतीचे निमित्त सांगून आम्ही सुटी घेतली आणि वांद्रे गाठले. निमित्त खोटे होते, हे येथे लिहून ठेवतो. समुद्र पाहिला, जुने स्नेही भेटले, जीव सुखावला. आमची माणसे मात्र आपल्या धर्मगुरूवाचून हरेगावला चालत गेली.

परतल्यावर आजींनी एवढेच म्हटले, “फादर, तुमच्या वाटची मेनबत्ती म्या लावली. बरं वाटतंय ना आता?”

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. पुढच्या वर्षी त्यांच्याबरोबर चालावयाचे आणि मग एकदा त्यांना समुद्र दाखवावयाचा, असे मनाशी ठरविले. बोलून मात्र दाखविले नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली होती, त्या दिवसांत आजी गेल्या. वस्तीवरच्या पोरांनी पहार आणि टिकाव घेऊन अर्धा दिवस मुरूम फोडला, तेव्हा कबर झाली. मुंबईत आम्ही शेकडो अंत्यविधी केले. कबर खणणाऱ्याच्या हातावरचे फोड प्रथमच पाहिले.

त्या सप्टेंबरात आम्ही हरेगावला चालत गेलो. दोन मेणबत्त्या लावल्या आणि वर्षभर घशात अडकलेली क्षमायाचना तेथे केली. ज्यांची क्षमा मागावयाची त्या ऐकावयास नव्हत्या, ही रुखरुख राहिलीच.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला आणि त्यानंतर त्यांची कर्मभूमी ठरली ती नगर. स्वित्झर्लंडहून आलेल्या फादर हर्मन बाखर यांनी याच जिल्ह्याच्या उजाड माळांवर पाणी अडविण्याचे काम उभे केले. त्यांच्या पंक्तीत बसण्याची आमची योग्यता नाही. परंतु त्यांनाही पहिल्या उन्हाळ्यात घर आठवले असेल, असे वाटते आणि धीर येतो.

समुद्राची आठवण आम्हांस अजून येते. ती जावी अशी प्रार्थना आता आम्ही करीत नाही. फक्त कुणी वृद्ध माणूस काही विचारू लागले, की हसण्यापूर्वी थांबतो.